वर्खाएवढं पातळ खनिज: कॅनिझाराइट ओळखायचं कसं, मिळवायचं कुठून आणि पावसाळ्यात सांभाळायचं कसं

पेढ्यावरचा चांदीचा वर्ख बघितलाय ना, कोपऱ्यात जरा सुटून उभा राहिलेला, पंखा लावला की थरथरणारा? आता तोच वर्ख मिलिमीटर दीड मिलिमीटरचा करा, रंग थोडा शिशासारखा करडा करा आणि तो एका भाजल्यासारख्या पांढरट दगडाच्या भेगेत खोचून ठेवा. कॅनिझाराइट साधारण असं दिसतं. शिसं, बिस्मथ (शिशासारखाच एक जड धातू) आणि गंधक यांचं हे खनिज, दुर्मिळ आहे, आणि नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर "ह्यात काय आहे, नुसती राख तर आहे" असं घरचे म्हणतात, माझे तरी म्हणाले.

मी मूळचा झिओलाइटवाला, म्हणजे दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत मिळणारे झिओलाइटचे स्फटिक आणि त्यांचे सोबती जमवणारा. पुण्यात राहणारा माणूस खनिजं जमवायला लागला की सुरुवात तिथूनच होते, वाघोलीचं निळं कॅव्हन्साइट, नाशिक-जळगावकडचं अपोफिलाइट, स्टिल्बाइट. त्या सगळ्यात एक सवय लागते, की वस्तू हातात घ्यायची, उन्हात फिरवायची, पाण्याखाली धरून माती काढायची आणि डोळ्यांनी बघून नाव सांगून मोकळं व्हायचं. कॅनिझाराइटच्या बाबतीत ह्यातली एकही सवय चालत नाही. म्हणून हे लिहितोय, कारण मी ते सगळं करून बसलोय.

आधी ते येतं कुठून, कारण ते कळल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळत नाही. सिसिलीच्या उत्तरेला एओलियन बेटं आहेत, त्यातलं एक व्हुल्कानो. ज्वालामुखीला युरोपभर जो शब्द आहे तो ह्याच बेटावरून आला, रोमन लोकांना वाटायचं की त्यांच्या लोहार देवाची भट्टी इथे खाली आहे. बेटावरच्या मुख्य विवराला ला फोस्सा म्हणतात, उंची ३९१ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडापुढे टेकडीच. शेवटचा उद्रेक १८८८ ते १८९०, तेव्हा मेर्काल्ली नावाच्या शास्त्रज्ञाने तो बारकाईने नोंदवला आणि त्या प्रकारच्या उद्रेकाला बेटाचंच नाव पडलं. त्याआधी एका स्कॉटिश मालकाने बेटाचा बराच भाग घेऊन गंधक, तुरटी आणि बोरिक ॲसिड काढायचा धंदा चालवला होता, तो त्या उद्रेकात बसला. तेव्हापासून लाव्हा नाही पण विवराच्या काठावरच्या भेगांतून वाफ आणि वायू येतच असतात, त्या भेगांना फ्युमरोल म्हणतात, आपण धुराडी म्हणू.

आता मजा बघा. ह्या धुराड्यांचं तापमान एकसारखं नसतं. १९२४ मध्ये ते साधारण ६१५ अंश सेल्सिअसपर्यंत गेलं होतं, मग बरीच वर्षं उतरलं, १९८०च्या दशकाच्या शेवटी परत चढायला लागलं आणि १९९३ च्या सुमारास जवळपास ७०० अंशांपर्यंत पोचलं, नंतर पुन्हा उतरलं. एवढ्या गरम वायूतून शिसं आणि बिस्मथ क्लोराइडच्या रूपात उडून वर येतात, वर येता येता वायू थंड होतो, त्यातल्या हायड्रोजन सल्फाइडशी त्यांची गाठ पडते आणि भेगेच्या भिंतीवर सल्फाइडचे, म्हणजे धातू आणि गंधकाच्या संयुगाचे, स्फटिक धरतात, पातेल्याच्या झाकणावर वाफ धरते तसे, फक्त इथे पाण्याऐवजी धातू. पाणी नाही, वितळलेला दगड नाही, वायूतून थेट स्फटिक. म्हणूनच ते इतके पातळ आणि इतके स्वच्छ होतात.

झांबोनिनी, दे फियोरे आणि कारोब्बी ह्या तिघांनी १९२५ मध्ये ह्याचं वर्णन केलं, म्हणजे तो १९२४ चा तापलेला काळ नुकताच होऊन गेलेला, तारखा जुळतात बघा. नाव दिलं स्तानिस्लाओ कॅनिझारोचं. हा तोच बरं का, बारावीच्या केमिस्ट्रीतला, कॅनिझारो अभिक्रिया, बेंझाल्डिहाइड अधिक तीव्र अल्कली, एक अल्कोहोल आणि एक आम्ल, ज्यांनी बोर्डाला पाठ केलीये त्यांना झोपेत आठवेल. ती त्याने १८५३ मध्ये केली. जन्म पालेर्मोचा, १८२६ चा, म्हणजे सिसिलीचाच माणूस, आणि १८६० ला कार्ल्सरूहेच्या परिषदेत अणुभारांचा घोळ त्यानेच सोडवून दाखवला, तिथे आवर्तसारणीवाला मेंडेलीव्ह पण बसलेला होता. शेजारच्या बेटावरच्या खनिजाला त्याचं नाव देणं शोभतंच.

बरं, आता कामाचं.

बघायचं कसं ते आधी सांगतो कारण विकत घ्यायच्या आधी ते यायला हवं. दहा पटीचं भिंग पुरत नाही, दहा पटीत फक्त चमक दिसते आणि चमकणाऱ्या गोष्टी ह्या दगडात दहा असतात. स्टिरिओ मायक्रोस्कोप लागतो, १० ते ४० पट वाढवणारा, शाळा-कॉलेजच्या लॅबमध्ये असतो तसला साधा चालतो. लाइटचं मात्र बघा. ती गोल एलईडी रिंग असते ना मायक्रोस्कोपला लावायची, ती थेट लावली की धातूसारख्या चकचकीत पानावर बल्बचे ठिपके तेवढे दिसतात आणि पान दिसतच नाही, मी पहिले दोन आठवडे असेच ठिपके बघून खूश होत होतो. उपाय फुकट आहे, लाइटवर ट्रेसिंग पेपर किंवा बटर पेपर गुंडाळा आणि लाइट वरून नाही तर बाजूने, जरा तिरका, खालच्या अंगाने द्या. मग नमुना हळूहळू फिरवायचा. एका विशिष्ट कोनात अख्खं पान एकदम आरशासारखं पेटतं आणि पुढच्या क्षणी काळं होतं. ते पेटणं-विझणं बघायचं, कारण पानाचा आकार त्याच वेळी कळतो.

आणि आकारावरच पहिला अंदाज बांधायचा असतो. व्हुल्कानोच्या एकाच दगडावर शिसं-बिस्मथची अर्धा डझन भावंडं एकत्र राहतात. बिस्मथिनाइट, ज्यात शिसं नाहीच म्हटलं तरी चालेल, ते सुयांसारखं, लांब, सरळ, कधी कधी बारीक केसांचा झुपका असावा तसं. गॅलेनोबिस्मुटाइट आणि लिलियानाइट हे चपट्या सुया किंवा गवताच्या पात्यासारखे, लांबी जास्त आणि रुंदी कमी पण आहे. गॅलेना सगळ्यांना माहितीये, चौकोनी ठोकळे. कॅनिझाराइट ह्या सगळ्यांत पातळ आणि रुंद, पान म्हणा किंवा पत्रा, आणि बरेचदा किंचित वाकलेलं, एखादं तर कडेला मुरडलेलं, शेवग्याची वाळलेली शेंग उलगडते ना तसं. पत्रा वाकलेला दिसला की माझं लक्ष तिकडे जातं. पण मॉलिब्डेनाइट आणि ग्रॅफाइट पण पातळ आणि वाकणारे असतात म्हणून दगड कुठला आहे ते आधी बघायचं, स्फटिक नंतर. मऊ आहे, कडकपणा दोनच्या आसपास म्हणजे नखाच्या जवळपास, पण कृपया नखाने तपासू नका, तपासल्यावर तपासायला काही उरत नाही.

ते असं पत्र्यासारखं का होतं, हे मला फार आवडतं म्हणून थांबतो जरा. १९७९ मध्ये ह्याची आतली रचना उलगडली, तेव्हा दिसलं की ह्यात दोन वेगळ्या जातीचे थर आलटून पालटून बसलेत. एक थर गॅलेनासारखा, चौकड्याच्या कापडासारखा. दुसरा षटकोनी घडणीचा, मधमाशीच्या पोळ्याकडे झुकणारा. आता चौकडा आणि षटकोन एकमेकांवर बसवा, जमत नाही, घरी दोन मापाच्या फरश्या शेजारी लावल्यावर सांधे सरकत सरकत जातात आणि कुठेतरी लांब जाऊन परत जुळतात, तसंच इथे होतं. ते जुळण्याचं अंतर मोठं आहे आणि म्हणूनच ह्याचं सूत्र पुस्तकागणिक थोडं वेगळं दिसतं, शिशाला आठ आणि बिस्मथला दहा असं एके ठिकाणी, तर दुसरीकडे शेचाळीस आणि चोपन्न, असले आकडे. पहिल्यांदा बघून मला वाटलं छपाईची चूक आहे. चूक नाहीये, स्वभावच तसा आहे त्याचा. शिवाय व्हुल्कानोच्या स्फटिकांत गंधकाच्या जागी थोडं सेलेनियम पण घुसलेलं असतं.

तर आकारावरून अंदाज. नाव मात्र आकारावरून देता येत नाही, ह्यावर मी ठाम आहे. पहिला नमुना मी नुसत्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून घेतला, ऑनलाइन, विक्रेत्याचं नाव घेत नाही, फोटो झकास होता, चिठ्ठीवर "कॅनिझाराइट, व्हुल्कानो" एवढंच. घरी आल्यावर मायक्रोस्कोपखाली बघतो तर सुया. सुयाच सुया, पत्रा एकही नाही. विचारलं तर उत्तर आलं की "सर, त्या भागातून आलेलं सगळं आम्ही असंच विकतो." पैसे गेले ते गेलेच. बिस्मथिनाइट म्हणून तो नमुना वाईट नाहीये, कपाटात आहे, पण चिठ्ठी मी बदलली.

म्हणून विकत घेताना विचारायचे प्रश्न. पहिला, विवरातली कुठली जागा, नुसतं व्हुल्कानो नाही तर ला फोस्सा आणि जमल्यास कुठली धुराडी. दुसरा, गोळा केल्याचं साल. हा प्रश्न विचारला की विक्रेते जरा दचकतात, पण वर तापमानाची गोष्ट सांगितली ती ह्यासाठीच, हे शिसं-बिस्मथवाले सल्फाइड काही शे अंशांच्या गरम भेगांत धरतात, नुसत्या शंभर अंशांच्या वाफेवर पिवळं गंधक आणि पांढरं बोरिक ॲसिडच मिळतं. साल १९९० च्या आगेमागे असेल तर मला ते पटतं. साल नसेल तर मी घासाघीस तिथूनच सुरू करतो. तिसरा, कोणी गोळा केला, म्हणजे जुन्या संग्रहातून आलाय का आणि जुनी चिठ्ठी सोबत देताय का. जुनी चिठ्ठी फाटकी, डाग पडलेली असली तरी मागायचीच, नवी छापून देतो म्हणाले तरी दोन्ही घ्यायच्या.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, तपासलाय का आणि कशाने. इथे बहुतेक लोक "हो, ईडीएस केलंय" म्हणून एक आलेख पाठवतात आणि आपण गप्प होतो. होऊ नका. ईडीएस म्हणजे इलेक्ट्रॉनचा मारा करून बाहेर येणारे एक्स-रे मोजायचे. प्रत्येक मूलद्रव्याच्या एक्स-रेची ठरलेली ऊर्जा असते, आलेखात तिथे रेषा उठते. गंधकाची मुख्य रेषा २.३१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर येते, शिशाची एम रेषा २.३४ वर, बिस्मथची २.४२ वर. तीन मूलद्रव्यं एका जागी चेंगरून बसलेली, लोकलच्या चौथ्या सीटसारखी, आणि ईडीएस यंत्राला एवढं बारीक अंतर वेगळं करता येत नाही, एकच जाड डोंगर दिसतो. त्या एका डोंगरावरून सॉफ्टवेअर आकडे काढून देतं आणि ते आकडे कसेही असू शकतात. शिसं आणि बिस्मथ नीट सुटे दिसतात ते वर, १०.५५ आणि १०.८४ च्या एल रेषांवर, आणि तिथवर पोचायला मारा २०-२५ किलोव्होल्टचा लागतो. म्हणून आलेख मागवलात तर उजवीकडे १० ते ११ च्या पट्ट्यात बघा, तिथे आलेख कापलेला असेल तर पूर्ण मागा. डब्ल्यूडीएस (तेच एक्स-रे, पण तरंगलांबीप्रमाणे वेगळे करून मोजायची पद्धत) असेल तर उत्तम, त्याची नजर फार तीक्ष्ण असते. आणि एक्स-रे डिफ्रॅक्शन, म्हणजे स्फटिकाची आतली रचना दाखवणारी तपासणी, असेल तर बोलायचं कामच नाही, कारण ह्या कुटुंबात शिसं-बिस्मथचं प्रमाण जवळजवळ सारखं असूनही रचना वेगळी असू शकते, नाव शेवटी रचनेवर ठरतं.

कोणी विचारेल की मग स्वतःच जाऊन का नाही आणायचं. जायला सोपं आहे, सिसिलीतल्या मिलाझ्झोहून जलद बोट मिळते, बेट जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं, धक्क्याजवळ उतरलं की गंधकाचा वास येतोच, आणि विवरापर्यंतची चढण तासाभराची. जाऊन बघा नक्की, पण उचलायचा विचार सोडा. ती बेटं २००० साली जागतिक वारसा यादीत गेलीत, ज्वालामुखीशास्त्राचं माहेर म्हणूनच, आणि विवराचा भाग राखीव निसर्गक्षेत्रात येतो. शिवाय २०२१ च्या शरद ऋतूत वायूचं प्रमाण अचानक वाढलं, विवरावर जायला बंदी आली आणि धक्क्याजवळच्या वस्तीतल्या लोकांना रात्री घरात थांबू नका असं सांगावं लागलं, कारण कार्बन डायऑक्साइड जड असतो, सखल जागी साचतो, आणि त्याला वास नसतो. तिकीट काढायच्या आधी विवर उघडं आहे का ते स्थानिक प्रशासनाकडे विचारा. आणि उघडं असलं तरी धुराडीच्या तोंडात वाकून बघायचा हिरोपणा नको, त्या वायूत सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोक्लोरिक, हायड्रोफ्लोरिक आम्लाची वाफ असते, डोळे आणि कॅमेऱ्याची काच दोन्ही जातील. शास्त्रज्ञ मंडळी तिथे सिलिकाची नळी भेगेत खोचून ठेवतात आणि नंतर काढतात, नळीच्या गरम टोकापासून थंड टोकापर्यंत खनिजं रांगेत धरलेली मिळतात. ते काम त्यांच्याकडेच राहू दे.

व्हुल्कानोखेरीज दुसरी जागा जी मला मोहात पाडते ती कुरील बेटांतल्या इतुरुपवरचा कुद्र्यावी ज्वालामुखी. तिथल्या धुराड्या ९०० अंशांच्या वर गेलेल्या मोजल्यात, ऱ्हेनियम ह्या दुर्मिळ धातूचं शुद्ध सल्फाइड पहिल्यांदा तिथेच सापडलं, आणि तिथल्या कॅनिझाराइटमध्ये कॅडमियम आणि इंडियम मिसळलेलं मिळतं. पण बाजारात तसा नमुना मी आजवर बघितलेला नाही. स्वीडनमधल्या फालुनच्या जुन्या खाणीत विटाइट नावाचं खनिज आहे, ते ह्याचंच सेलेनियमवालं चुलत भावंड, थर तसेच.

आणि हे सगळं ऐकून दमला असाल तर कोसालाइटपासून सुरुवात करा, खरंच. तेही शिसं-बिस्मथ सल्फाइडच, मेक्सिकोत सिनालोआ प्रांतातल्या कोसालावरून नाव, १८६८ पासून माहितीये, आणि कझाकस्तानच्या कारा-ओबाचे नमुने त्यामानाने सहज मिळतात. मायक्रोस्कोपचा हात त्याच्यावर बसवा मग पातळ पत्र्याकडे वळा. आणि रसायनवाल्यांसाठी अजून एक, ह्याच कुटुंबात हेयरोव्स्कीआइट आहे, पोलरोग्राफीसाठी (विजेच्या मदतीने द्रावण तपासायची पद्धत) १९५९ चं नोबेल मिळालेल्या चेक रसायनशास्त्रज्ञ हेयरोव्स्कीच्या नावाचं, तेही व्हुल्कानोवर मिळतं. एकाच विवरात दोन केमिस्ट.

आता नमुना घरी आला. डबी उघडायच्या आधी पंखा बंद. हे मी ओरडून सांगतोय असं समजा. माझ्या दुसऱ्या नमुन्यावर, म्हणजे जो खरा निघाला त्यावर, सात पानं होती, मोजलेली. त्यावर धुळीचा एक तंतू दिसला म्हणून मी कॅमेऱ्याच्या लेन्सवर मारायचा तो रबरी फुगा घेतला आणि लांबून, अगदी लांबून, एकदा हलकेच दाबला. तंतू तिथेच राहिला. पानं पाच झाली. टेबलावर टॉर्च मारून अर्धा तास शोधलं, काही मिळालं नाही, आणि मिळालं असतं तरी चिमट्याने धरता आलं नसतंच. धूळ असू द्या. फोटो काढताना धुळीसकट काढा.

धुवायचं तर बिलकुल नाही, पाण्याने नाही, स्पिरिटने नाही. ह्या धुराडीच्या दगडांवर बरेच क्षार पाण्यात विरघळणारे असतात, नवसागर असतो, थॅलियमचं क्लोराइड असतं ज्याला विवराच्याच नावाने लाफोस्साइट म्हणतात, आणि कधी कधी ते मूळ पानापेक्षा दुर्मिळ असतात. धुतलं की गेले. थॅलियम, शिसं, आर्सेनिक असलं सगळं ह्या दगडांत असू शकतं म्हणून हाताळून झालं की साबणाने हात धुवा, जेवणाच्या टेबलावर हे काम करू नका, आणि लहान मुलं असतील तर कपाटाला कुलूप.

बसवायला छोटी पारदर्शक झाकणाची डबी घ्या, दगड तळाला अगदी थोड्या खनिजांच्या पुट्टीने किंवा निळ्या चिकटमातीने बसवा, पान वर, भिंतीपासून लांब, झाकण लागणार नाही एवढं खाली. फेविक्विक नको, त्याची वाफ चकचकीत पृष्ठभागावर पांढुरकी साय धरते. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, बॉलपेनची शाई दहा वर्षांत फिकी होते. नाव, त्याखाली "ला फोस्सा, व्हुल्कानो", साल, कोणाच्या संग्रहातून आलं, कशाने तपासलं, आणि तपासलं नसेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह लिहायला लाजू नका, माझ्या कपाटात अकरा आहेत.

राहिला पावसाळा. व्हुल्कानोच्या दगडात आम्लाचे अंश मुरलेले असतात, आपल्याकडे जून लागला की ते हवेतलं पाणी ओढतात, दगड ओलसर दिसायला लागतो, आणि पानाची चमक मरते ती मरतेच. डब्या एका घट्ट झाकणाच्या, रबर असलेल्या डब्यात ठेवा, लोणच्याची बरणी असते तसल्या, आणि आत सिलिका जेलची पुडी टाका, नारिंगी रंगाची मिळते ती घ्या, ओल धरली की हिरवी होते. कोकणात राहत असाल तर दर आठवड्याला बघा, पुण्यात पंधरा दिवसांनी चालतं. हिरवी झालेली पुडी कढईत मंद आचेवर भाजून परत वापरता येते, फक्त ती कढई नंतर स्वयंपाकघरात परत जाता कामा नये, ह्यावरून आमच्याकडे एकदा झालंय.